ज्यांच्या नावाचे स्टेडियम, ते बॅरिस्टर वानखेडे

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप समितीकडून आला. मी बँकेतले अनुभव लिहावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. पण ते अनुभव गच्चीवरच्या कोजागिरीला सगळ्यांनी इतक्यांदा ऐकले आहेत की छापून आणले तर लोक सरळ पान उलटतील. म्हणून विषय बदलतो. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सर्वसाधारण सभांत सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला असेल, तर तो जागेच्या मालकीवर. इमारत आपली, पण खालची जमीन कागदोपत्री कोणाची? कन्व्हेयन्स कधी होणार? सातबाऱ्यावर अजून कोणाचे नाव आहे? चहा गार होईपर्यंत हे चालायचे. अशाच एका भांडणातून, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत किती दिवस राहायचे या प्रश्नातून, मुंबईत एक अख्खे स्टेडियम उभे राहिले. ज्या माणसाने ते उभे केले त्याचे नाव आपण रोज टीव्हीवर ऐकतो, पण त्या माणसाविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते.

वानखेडे स्टेडियम हे नाव मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडवर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांनाही पाठ आहे. वानखेडे कोण, असे विचारले तर बहुतेक जण कोणीतरी जुना खेळाडू, असे सांगतात. आपल्याच इमारतीतल्या एका चिरंजीवांनी मला ते बहुधा कॉन्ट्रॅक्टर असतील, असे उत्तर दिले. दोन्ही उत्तरे चूक. पण दुसरे जरा जवळचे आहे, कारण बांधकाम त्यांनी केले नसले तरी करवून घेतले ते त्यांनीच.

शेषराव कृष्णराव वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ चा. गाव नागपूर जिल्ह्यातले कळमेश्वर. संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख. समुद्राशी त्या मुलखाचा काही संबंध नाही, आणि ज्या स्टेडियमला त्यांचे नाव लागले ते तर समुद्र हटवून काढलेल्या जमिनीच्या पट्ट्यात! नागपूरला वाढलेले शेषराव इंग्लंडला गेले, बॅरिस्टर होऊन परत आले आणि राजकारणात पडले. त्या काळी नागपूर म्हणजे मध्यप्रांताची राजधानी, तिथल्या माणसाला मुंबईकडे बघण्याचे कारण नव्हते. नागपूर महापालिका झाल्यावर तिचे पहिले महापौर होण्याचा मान वानखेड्यांना मिळाला. पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. नागपूरच्या पुढाऱ्यांना मुंबई गाठावी लागली. वानखेडे मंत्री झाले, राज्याचे अर्थखातेही त्यांनी सांभाळले. १९७२ ते १९७७ ही पाच वर्षे ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते.

एवढ्यावर त्यांचे चरित्र थांबले असते तर विधानभवनातल्या तसबिरींच्या रांगेत एक तसबीर, एवढेच उरले असते. पण १९६३ साली ते बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, त्या खुर्चीवर राहिले. मुंबई क्रिकेटचा तो सुवर्णकाळ होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईने दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. भर पावसाळ्यात कांगा लीगचे सामने चाललेले, गुडघाभर गवतात चेंडू शोधणारे क्षेत्ररक्षक. देशाला खेळाडू पुरवणारा हा कारखाना असोसिएशनच्या अखत्यारीतला. आणि गंमत बघा, या असोसिएशनकडे कसोटी सामना भरवायला स्वतःचे मैदानच नव्हते!

इथे थोडे मागे जावे लागेल, कारण मालकीचा सगळा गुंता मागेच आहे.

भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईला बॉम्बे जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथांनी ११८ धावा केल्या त्याच सामन्यात. पण जिमखाना हा गोऱ्यांचा क्लब. भारतीयांना तिथे सभासदत्व नव्हते. खेळायला आणि तिकीट काढून बघायला जाऊ शकत होते, मालक म्हणून नाही. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, म्हणजे सीसीआयची, स्थापना झाली. राजेरजवाडे आणि मोठे व्यापारी यांचा आधार आणि अँथनी डिमेलो नावाचे खटपटी चिटणीस. चर्चगेटजवळ समुद्रात भर घालून तयार झालेल्या जमिनीपैकी नव्वद हजार चौरस यार्ड जागा क्लबला साडेतेरा रुपये यार्डाने मिळाली. आज त्या भावात तिथे एक वडापावदेखील येत नाही. डिमेलोंनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व हवे, असे विचारले आणि गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व पसंत केले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा असो वा नसो, ७ डिसेंबर १९३७ रोजी उघडलेल्या त्या देखण्या स्टेडियमला नाव ब्रेबोर्नचेच लागले.

ब्रेबोर्न खरोखर देखणे. मुंबईत नोकरीला असताना कोणाच्या तरी ओळखीने मी एकदा आत गेलो होतो. हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, पॅव्हेलियनची कमानदार गॅलरी, पांढऱ्या गणवेशातले बेअरर. आपल्यासारख्याने चप्पल कुठे ठेवावी असे वाटावे, असा थाट. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षे मुंबईतल्या सगळ्या कसोट्या तिथेच झाल्या. सामना भरवणारी असोसिएशन, मैदान मात्र क्लबचे. म्हणजे लग्न आपल्या घरचे आणि कार्यालय दुसऱ्याचे. आणि कार्यालयाच्या मालकाने सांगावे की पहिल्या चार रांगा आमच्या पाहुण्यांच्या!

भांडण नेमके इथेच होते. कसोटीच्या वेळी किती तिकिटे क्लबच्या सभासदांना आणि किती असोसिएशनला, यावर वर्षानुवर्षे घासाघीस चाले. असोसिएशनचे म्हणणे असे की खेळाडू आमच्या संलग्न क्लबांतून येतात, उन्हापावसात मैदाने राखतात ते आमचे लोक, मग सामन्याच्या दिवशी त्यांना जागा का नाही? सीसीआयचे म्हणणे असे की मैदान आमच्या पैशाने बांधले, त्याची देखभाल आम्ही करतो, आमच्या सभासदांनी वर्गणी भरली ती याच दिवसांसाठी. मी आयुष्यभर दोन पक्षांचे अर्ज वाचत आलो आहे, त्यामुळे मला दोघांचेही म्हणणे पटते. क्लब हा खासगी होता, धर्मादाय संस्था नव्हती. कायद्याने बघितले तर बाजू क्लबचीच भक्कम. पण भाडेकरू जेव्हा घरमालकापेक्षा मोठा होतो, तेव्हा भाडेकराराच्या कागदाने ते भांडण मिटत नाही.

सीसीआयचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. थोर फलंदाज, कापडगिरणीचे मालक, अपंगांसाठी मनापासून झटणारा सज्जन माणूस. निवड समितीचे अध्यक्ष असताना निर्णायक मत देऊन अजित वाडेकरांना कर्णधार केले ते यांनीच, आणि त्यातून १९७१ चे वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमधले विजय मिळाले. तेव्हा मर्चंट मराठी माणसाच्या विरुद्ध होते वगैरे जे बोलले जाते, ते मला तितकेसे पटत नाही. दोघेही शिस्तीचे, दोघेही मानी. एकाला आपल्या क्लबच्या घटनेचा अभिमान, दुसऱ्याला आपल्या पदाचा.

ठिणगी कशी पडली, याची एक हकीकत मुंबईच्या क्रिकेट वर्तुळात सांगतात. काही तरुण आमदारांना मदतनिधीसाठी आपसांत क्रिकेटचा सामना खेळायचा होता. ते विधानसभेचे अध्यक्ष म्हणून वानखेड्यांकडे गेले. वानखेडे त्यांना घेऊन ब्रेबोर्न मागायला मर्चंटांकडे गेले. मर्चंटांनी नकार दिला, शब्दाला शब्द वाढला, आणि वानखेडे आम्ही आमचे स्टेडियम बांधू असे सांगून उठले. अशा हकीकती सांगता सांगता चढत जातात, हे आपण जाणतोच. आमच्या गावच्या देवळाच्या मानपानाच्या भांडणाच्या तीन आवृत्त्या मी स्वतः ऐकल्या आहेत. पण १९७३ नंतर असोसिएशनने ब्रेबोर्नकडे पाठ फिरवली, ही गोष्ट खरी.

रागाच्या भरात उठून जाणारे पुष्कळ असतात. घरमालकाशी भांडून बाहेर पडलेल्याला पहिला प्रश्न पडतो तो उद्या बिऱ्हाड कुठे मांडायचे हा. वानखेड्यांचे वैशिष्ट्य असे की राग थंड व्हायच्या आत त्यांनी जागा बघितली. चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मधली, लोकलच्या रुळांना लागून असलेली सरकारी जमीन. ब्रेबोर्नपासून पायी दहा मिनिटांवर. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हेही विदर्भातलेच. त्यांच्या सरकारने जागा दिली, विकत नव्हे, भाडेपट्ट्याने. हा भाडेपट्टा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

इथे मला माझ्यातला बँकवाला गप्प बसू देत नाही. राज्य विधानसभेचा अध्यक्ष हाच एका संस्थेचाही अध्यक्ष, आणि त्या संस्थेला दक्षिण मुंबईत रेल्वे स्टेशनाजवळ सरकारी जमीन मिळते. आमच्याकडे अशी फाईल आली असती तर संबंधित व्यक्तीचा हितसंबंध असा लाल शाईचा शेरा मी पहिल्या पानावर मारला असता. वानखेड्यांनी त्यात स्वतःचा पैशाचा फायदा केला, असे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही. पण पदाचे वजन वापरले हे उघड आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ते वजन नसते तर स्टेडियमही नसते.

शिवाय काळ बघा. १९७२-७३ चा दुष्काळ नुकताच सरलेला. अर्धा महाराष्ट्र खडी फोडायला गेला होता, रेशनवर लाल मिलो मिळत होता. पाठोपाठ जगभर तेलाचे भाव भडकले, महागाईने लोकांचे कंबरडे मोडले. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. सिमेंट नियंत्रणाखाली, परमिटशिवाय गोणी मिळायची नाही. आपल्याकडे घराच्या पडवीला लादी घालायची तरी लोक तहसीलदार कचेरीच्या पायऱ्या झिजवत. अशा दिवसांत दहा मिनिटांच्या अंतरावर एक चांगले स्टेडियम उभे असताना दुसरे बांधायचे, हा खर्च योग्य होता का? तेव्हाच्या कोणाही शहाण्या माणसाला हा प्रश्न पडला असणार. मला विचाराल तर तिकिटांच्या वाटणीपायी दोन स्टेडियम बांधणे हा हट्टच. समंजस मध्यस्थ मिळाला असता तर तो पैसा वाचला असता. पण मग मुंबईच्या असोसिएशनला स्वतःचे छप्पर कधी मिळाले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आपल्या आयाबायांनी पोटाला चिमटे काढून खोली घेतली, तेव्हा कुठे तो हिशेब जुळत होता?

शशी प्रभू हे तरुण आर्किटेक्ट नेमले गेले. काम साधारण तेरा महिन्यांत उभे राहिले. आपल्या पाण्याच्या टाकीचे वॉटरप्रूफिंग किती महिने चालले होते, ते आठवा म्हणजे तेरा महिन्यांचा अर्थ कळेल! कारण तारीख ठरलेली होती. वेस्ट इंडिजचा संघ १९७४-७५ च्या हिवाळ्यात येणार होता आणि मालिकेतली शेवटची कसोटी मुंबईला होती. ती ब्रेबोर्नवर जाऊ द्यायची नाही, हा पण होता. योगायोग असा की त्याच मोसमाच्या आधी, १९७३-७४ मध्ये, मुंबईची पंधरा वर्षांची रणजी मालिका कर्नाटकने खंडित केली. घर बांधायला काढले की घरात काहीतरी बिनसतेच, असे आपल्याकडे म्हातारी माणसे म्हणतात, तसेच झाले. पुढच्या वर्षी करंडक परत आला.

२३ जानेवारी १९७५ ला नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी सुरू झाली. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत आलेली, त्यामुळे निर्णायक सामना, म्हणून सहा दिवसांचा. पतौडी कर्णधार, आणि ही त्यांची शेवटची कसोटी. मी तेव्हा फोर्टमधल्या शाखेत क्लार्क होतो. गिरगावात गावच्या पाचजणांबरोबर एक खोली. तिकीट मिळणे दूरच, पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत चर्चगेटपर्यंत जाऊन बाहेरून आवाज ऐकून येणारे आमच्यात दोघे होते. इकडे कोकणात ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेली मंडळी होती. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने खेड्यापाड्यांत क्रिकेट नेले, त्याचे श्रेय कोणी फारसे देत नाही, म्हणून इथे देऊन टाकतो.

क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा कुटल्या. वेस्ट इंडिज सहा बाद ६०४ वर डाव सोडून मोकळे. लॉइडचे द्विशतक झाले तेव्हा एक तरुण अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारले. प्रेक्षक खवळले, खुर्च्या-बाटल्या आल्या, जाळपोळ झाली आणि त्या दिवसाचा उरलेला खेळ वाया गेला. ज्या स्टेडियमसाठी एवढी ईर्ष्या केली त्याच्या वास्तुशांतीलाच हे विघ्न. वानखेड्यांना त्या संध्याकाळी काय वाटले असेल?

पण त्याच सामन्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. भारताच्या डावात सुनील गावसकर ८६ आणि विश्वनाथ ९५ वर बाद झाले. गावसकर म्हणजे मूळचे आपल्या वेंगुर्ल्याच्या उभादांड्याचे, म्हणून हळहळ अंमळ जास्त. शतक केले ते एकनाथ सोलकरांनी, १०२. त्यांच्या कारकिर्दीतले एकमेव कसोटी शतक. सोलकर कोण? तिथून जवळच मरीन ड्राइव्हला हिंदू जिमखाना आहे, तिथल्या माळ्याचा मुलगा. मैदानाच्या कडेच्या खोलीत वाढलेला, मोठ्या लोकांच्या सामन्यात धावफलकाचे आकडे बदलणारा पोर. वानखेडे स्टेडियमवर कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय हा असा निघाला. आपण सामना २०१ धावांनी हरलो, मालिकाही गेली. तरी ते शतक तिथेच आणि तेव्हाच व्हायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते.

स्टेडियमला हयात असलेल्या अध्यक्षाचेच नाव, यावर तेव्हाही नाके मुरडली गेली असतील. माझे मत विचाराल तर जिवंतपणी नाव लावून घेऊ नये. मात्र ब्रेबोर्नसाहेबांनी तरी दुसरे काय केले होते? त्यांनी सरकारची जमीन क्लबला दिली आणि नाव मिळवले. यांनी निदान गवंड्यांच्या मागे उभे राहून काम पुरे करून घेतले.

वास्तू म्हणून वानखेडे ब्रेबोर्नच्या पासंगालाही पुरत नव्हते, हे कबूल करायला हवे. घाईत बांधल्याच्या खुणा दिसत. सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायचे, दुपारी त्या तापायच्या. लोखंडी जाळीतून खेळ बघायचा. स्वच्छतागृहांविषयी न बोललेले बरे. ऐंशीच्या दशकात ऑफिसात कोणीतरी तिकीट दिल्यावर मी दोनदा गेलो, तेव्हा घडी केलेला टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊनच गेलो. पण आजूबाजूला बसलेली माणसे बघितली की बरे वाटे. परळ-लालबागची, डोंबिवलीची, डब्यात भाकरी आणि सुके बोंबील आणलेली. ब्रेबोर्नच्या हिरवळीवर तो डबा कोणी उघडू दिला असता, असे वाटत नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी इथेच झाली. इयन बोथमने एकट्याने तेरा बळी घेऊन वर शतकही केले, म्हणजे महोत्सव आपला आणि जेवण पाहुण्याने जेवले. त्याच वर्षी वानखेडे मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९८२ पर्यंत राहिले. त्यांच्या कारकिर्दीत १९८१ चा इंग्लंडचा दौरा जवळजवळ रद्द होत होता, कारण बॉयकॉट आणि कुक या दोन खेळाडूंचे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी संबंध होते. दिल्लीहून होकार येईपर्यंत मंडळाचा जीव टांगणीला. बाकी मंडळातले राजकारण मला फारसे रुचत नाही, तेव्हा ते सोडून देतो.

जानेवारी १९८५ मध्ये रवी शास्त्रींनी बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले तेही वानखेड्यावरच. म्हातारे वानखेडे तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष होतेच. दोन वर्षांनी विश्वचषक भारतात आला. ५ नोव्हेंबर १९८७, उपांत्य सामना, समोर इंग्लंड. ग्रॅहम गूचने स्वीपचे फटके मारून मारून आपल्या फिरकीचा भुगा केला. गावसकर चार धावांवर त्रिफळाचीत झाले, आणि तो त्यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. या सामन्याच्या नऊ दिवस आधी, २७ ऑक्टोबरला, विजय मर्चंट वारले. ३० जानेवारी १९८८ ला वानखेडेही गेले. दोन मानी माणसे, मुंबईत दहा मिनिटांच्या अंतरावर दोन स्टेडियम ठेवून, जेमतेम तीन महिन्यांच्या अंतराने गेली.

ब्रेबोर्नला मग छत्तीस वर्षे कसोटी झाली नाही. २००९ साली, वानखेडे स्टेडियम विश्वचषकासाठी पाडून नव्याने बांधायला काढले तेव्हा, असोसिएशनला सामन्यासाठी त्याच जुन्या घरमालकाच्या दारात जावे लागले. सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा केल्या तो सामना ब्रेबोर्नचा. मैदान तसेच, हिरवळ तशीच, म्हणे.

नवे वानखेडे तेहतीस हजारांचे झाले. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची, वर छत. २ एप्रिल २०११ ला धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकला तो आपण आपल्या कम्युनिटी हॉलमध्ये पडद्यावर बघितला, बऱ्याच जणांना आठवत असेल. पण त्या सामन्याच्या तिकिटांचे काय झाले ते कोणाला आठवते? सामान्य प्रेक्षकांना विकायला ठेवली जेमतेम चार हजार. बाकीची संलग्न क्लब, क्रिकेट संघटना, पुरस्कर्ते वगैरेंना. लोकांनी संगणकावर झुंबड केली आणि संकेतस्थळ कोलमडले. ज्या तक्रारीतून हे स्टेडियम निघाले ती तक्रार तशीच होती, फक्त तक्रार ऐकून घेणारा बदलला होता. वानखेड्यांच्या संलग्न क्लबांना जागा मिळाली, ते जिंकले. डब्यात बोंबील आणणारा माणूस मात्र पुन्हा बाहेर राहिला. त्याच्यासाठी भांडणारा अध्यक्ष अजून निघायचा आहे.

आणि तो भाडेपट्टा. जमीन सरकारचीच राहिली होती. मुंबईत हे नवे नाही. फुटबॉलचे कूपरेज मैदान घ्या, तिथेही संघटना खेळ चालवते, जमीन तिची नव्हे. बँकेत आम्हाला असे प्रस्ताव येत. इमारत कितीही भारी असो, खालची जमीन भाडेपट्ट्याची असेल तर आधी मुदत बघायची, मग मूळ मालकाचे ना-हरकत पत्र, आणि मग बाकीचे बोलणे. वानखेडे स्वतः बॅरिस्टर होते, त्यांना हे पुरते माहीत असणार. घरमालकाच्या जाचातून सुटण्यासाठी त्यांनी घर बांधले, पण खालची जमीन दुसऱ्या, आणि कितीतरी मोठ्या, घरमालकाची घेतली. त्यांच्या हयातीत हा घरमालक मित्र होता, कारण तो त्यांच्याच मंत्रिमंडळातला होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्ट्याची मुदत संपली. त्यानंतर मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयाने असोसिएशनला नोटीस धाडली. सुमारे एकशेवीस कोटी रुपये भरा, नाहीतर जागा सोडा, असा तिचा आशय होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या सरकारच्या आसऱ्याला असोसिएशन गेली, त्याच सरकारच्या कचेरीतून ते पाकीट आले होते, आणि पत्त्यात स्टेडियमचे नाव म्हणून वानखेडे असेच लिहिलेले असणार.